रेक्झिनचा राक्षस

४ जानेवारी, शनिवार

सिस्टर बर्नाडेट आम्हांला इंग्रजीत डायरी लिहायला लावायच्या आणि दर शुक्रवारी ती तपासायच्या. त्यामुळे डायरीत आम्ही सगळ्या मुली फार चांगल्या वागायचो. निवृत्त झाल्यावर मी मराठीत लिहायला लागले. ही कोणी तपासत नाही.

आज कुंदन आला होता. निलोफरच्या वर्गातला, कॅमेरा सांभाळणारा मुलगा. "मॅडम, तुमच्याकडे गॅदरिंगच्या सामानाची पेटी आहे म्हणे. आमच्या फिल्मच्या व्हिलनला मुखवटा पाहिजे."

मला इतका आनंद झाला की चहाचं आधण गॅसवर तसंच राहिलं. शाळा सुटली तरी पेटी माझ्याच माळ्यावर आहे. निलोफर मात्र दारातच उभी. एरवी ही मुलगी माझ्या घरात वाऱ्यासारखी शिरते, फ्रिज उघडते, माझ्या मोबाइलमधले नको ते फोटो पुसून देते. पाचवीत माझ्या वर्गात होती तेव्हापासूनची सवय. दोन गल्ल्या पलीकडे तिच्या वडिलांचा, नासीरभाईंचा, सोफे बनवायचा कारखाना आहे. आता ती कॉलेजात मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अठ्ठावीस तारखेला सगळ्यांसमोर फिल्म दाखवायची आहे.

"मी नको म्हणत होते याला," ती पुटपुटली. "मॅडमना कशाला त्रास."

लाजाळू आहे पोर.

पेटीतून निघालं ते असं: एका कानाचा वाघ, दोन ससे, रावणाची नऊ डोकी (दहावं कुठे गेलं कोण जाणे) आणि पुठ्ठ्याचा मुकुट. मुकुट पाहून लहानपण आठवलं. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये दर नाताळला नाटक व्हायचं. मला दुष्ट हेरोद राजा व्हायचं होतं. सिस्टर म्हणायच्या, "ज्योत्स्ना, तुझा चेहरा किती गोड! तू मेंढी." सलग चार नाताळ मी मेंढी होते.

वाघ निलोफरला पसंत पडला नाही. "हा फार भयानक आहे, मॅडम."

"अगं, व्हिलन भयानकच असतो ना?"

"आमचा नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता सशांना पेटीत ठेवू लागली.

जाताना नेहमीप्रमाणे डबा दिला. "जपून हं," म्हटलं. रस्त्यावर काय गाड्या चालवतात हल्ली.

६ जानेवारी, सोमवार

मुखवटा शोधायचा तर गोष्ट कळायला हवी, असं मी ठणकावून सांगितलं. तेव्हा आज तिघं आली. तिसरा तनवीर, व्हिलनचं काम करणारा. अंगानं काडी आणि डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा.

गोष्ट अशी. एक मुलगी बॅग घेऊन एसटी स्टँडवर येते. तिला लांब जायचं आहे. बस लागते. ती चढणार तेवढ्यात व्हिलन समोर येतो आणि तिला स्वेटर देतो. बस जाते. दुसरी बस लागते. व्हिलन येऊन पाण्याची बाटली देतो. तीही बस जाते. मग डबा. मग छत्री. शेवटी स्टँड रिकामा होतो. फिल्मचं नाव 'पुढची गाडी'.

मुलांचा उत्साह मोडू नये, पण खोटंही बोलू नये.

"डब्यात विष आहे का?"

"नाही मॅडम," निलोफर म्हणाली. "मेथीचे पराठे आहेत."

"मग छत्रीत सुरा वगैरे?"

"छत्रीत छत्रीच आहे."

"अगं, मग तो व्हिलन कसला? तो तर भला माणूस झाला!"

कुंदनला एकदम खोकला आला. तनवीर म्हणाला, "म्हणून तर मुखवटा लागतो, मॅडम. नाहीतर लगेच ओळखू येईल."

"कोण ओळखू येईल?"

निलोफरनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. "कोणीच नाही मॅडम. जनरल बोललो."

ती गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नासीरभाई! निलोफरला पुण्याच्या एका संस्थेत फिल्म शिकायला प्रवेश मिळालाय. महिनाअखेर होय-नाही कळवायचं आहे आणि नासीरभाई अजून हो म्हणालेले नाहीत. बापावर फिल्म काढते आहे बिचारी. वाईट वाटलं. नासीरभाई मनानं फार चांगले आहेत.

८ जानेवारी, बुधवार

मुलांवर सोपवलं तर मुखवटा मिळायचा नाही, म्हणून आज मीच बाजारात गेले. पहिल्या दुकानात "मास्क दाखवा" म्हटलं, तर मुलानं नाका-तोंडावर बांधायचे मास्क काढले. "धुवायचा देऊ की फेकायचा?" मी म्हटलं, "अरे, तो नव्हे, घाबरवायचा." तो म्हणाला, "आजी, याला घाबरूनच दोन वर्षं काढली ना."

आजी म्हणाला. असो.

दुसऱ्या दुकानात शहाणपणानं "मुखवटा" असा शुद्ध शब्द वापरला. तर दुकानदारानं गौरींचे मुखवटे मांडले. काय सुरेख होते! नाकात नथ आणि ओठांच्या कोपऱ्यात अगदी एवढंसं हसू. मी विसरूनच गेले कशाला आले ते. "एक द्या" म्हटल्यावर तो गोंधळला. "ताई, एक कसा देऊ? ज्येष्ठा-कनिष्ठा जोडीनं असतात. कार्य काय आहे घरी?"

व्हिलन आहे, असं कसं सांगणार? नमस्कार करून बाहेर पडले.

निलोफरला फोनवर गंमत सांगितली. ती खूप हसली, पुष्कळ दिवसांनी. मग म्हणाली, "मॅडम, तसंच हसू पाहिजे होतं मला. म्हणजे देवीचा मुखवटा नको, पण तसं प्रेमाचं. ज्याला नाही म्हणता येत नाही, असं."

काहीतरीच. हसऱ्या व्हिलनला कोण घाबरतं?

१० जानेवारी, शुक्रवार

नासीरभाई माझ्या खुर्चीची गादी शिवून घेऊन आले. पैसे घ्यायला तयार नव्हते. नेहमीचं भांडण झालं. मग पुण्याचा विषय निघाला.

"मॅडम, मी आधीच बोललो ना, तुम्ही सांगाल तसं. आमच्या घरात एवढं शिकलेलं कोणी नाही. तुम्ही म्हणालात पुढच्या वर्षी, तर पुढच्या वर्षी."

हे खरं आहे, दिवाळीत मी तसं म्हटलं होतं. काही चुकीचं म्हटलं असं वाटत नाही. पुण्यात खोलीचं भाडं काय, तिथलं खाणं काय, ट्रॅफिक काय! इथे बी.एड. केलं तर माझ्याच शाळेत लागेल. संध्याकाळी माझ्याकडे येईल. आम्ही दोघी बाहेर खुर्च्या टाकून बसू.

मलाही एकदा असं वेड लागलं होतं. बी.ए. झाल्यावर मुंबईला रेडिओवर आवाजाची चाचणी दिली आणि पास झाले. सामान बांधून सिस्टर बर्नाडेटना भेटायला गेले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि ते त्यांचं शांत हसू हसून म्हणाल्या, "केअरफुल, माय डिअर. पुढच्या वर्षी जा ना." पुढच्या वर्षी आई आजारी पडली. मग लग्न झालं, मग जळगावची शाळा. हे होते तोवर घर भरलेलं होतं. किती प्रेमानं धरला होता त्यांनी माझा हात! अजून जाणवतो.

तर नासीरभाईंना मी म्हटलं, "घाई नको. पुढच्या वर्षी बघू."

१२ जानेवारी, रविवार

साक्रीला जाऊन आलो. कुंदनचं गाव साक्रीजवळ आहे आणि त्याच्या आजोबांकडे, भिकनआबांकडे, गावातल्या उत्सवात नाचवायची सोंगं असतात. सोंग म्हणजे तिकडे मुखवटाच. धुळ्याला गाडी बदलली. निलोफर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. तिला जाग येऊ नये म्हणून धुळ्यापर्यंत मी मान हलवली नाही.

भिकनआबांनी कोठीतून एकेक सोंग कापडात गुंडाळलेलं काढलं. कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले मोठमोठे चेहरे. एकाचे सुळे वीतभर. मी म्हटलं, "हाच!"

आबा हसले. "अक्का, याले पोरे हसतस. याना दात वढतस." मग त्यांनी दुसरं सोंग काढलं. गोल गुबगुबीत चेहरा आणि त्यावर गोड हसू. "हाऊ दखा. हाऊ हासरा शे ना, याले दखीसन पोरे रडतस."

"का बरं?" मी विचारलं.

"दातवाला काय करी ते समजस. चावी. हासरा काय करी ते काय समजस?" चावी म्हणजे चावेल, कुंदननं मला हळूच सांगितलं.

निलोफर त्या हसऱ्या राक्षसाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "हाच पाहिजे, आबा."

पण उत्सवाशिवाय सोंग गावाबाहेर काढत नाहीत. आबांनी हात जोडले. "ते सोडीसन काय बी मांगा. बठ्ठा जन आते जेवाले चला." जेवण मात्र असं वाढलं की परतीच्या गाडीत बसताना मला आधार द्यावा लागला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ केला. निलोफर आली नाही. शूटिंगची तयारी असेल. तिच्या वाटच्या वड्या डब्यात काढून ठेवल्यात.

१६ जानेवारी, गुरुवार

मुखवट्याचा प्रश्न सुटला. नासीरभाईंनी स्वतः बनवला! कारखान्यात बोलावलं होतं. चॉकलेटी रेक्झिन, आत जाड फोम, गालांवर सोफ्याला असतात तशी बटणं आणि ओठांच्या जागी गादीच्या कडांना शिवतात तसं लाल पायपिंग. वरच्या बाजूला वळलेलं, म्हणजे हसरं. शिवण अशी की दाद द्यावी. पण तो टेबलावर ठेवल्यावर मला त्याला टेकून बसावंसं वाटलं.

"कसा झालाय, मॅडम?" त्यांनी विचारलं. ज्या फिल्ममध्ये आपल्यालाच व्हिलन केलंय, तिच्यासाठी बाप बिचारा रात्री जागून मुखवटा शिवतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "फारच मऊ आहे हो."

निलोफरची आई, सलीमा, चहा घेऊन आली. तिला कोणी तरी फिल्मची गोष्ट सांगितलेली दिसते. ती म्हणाली, "इसको देख के कौन डरेगा? मॅडम, तुम्ही शाळेत पोरांना कधी मारलं नाही, कधी ओरडल्या नाही. तरी आमची निलू घरी येऊन सांगायची, अम्मी, मॅडम हसून बोलल्या ना, की पोटात गोळा येतो."

"अम्मी!" निलोफर ओरडली.

आम्ही सगळे हसलो. मुलं काय काय बोलतात लहानपणी!

१९ जानेवारी, रविवार

आज एरंडोलच्या स्टँडवर शूटिंग. जळगावला गर्दी फार म्हणून तिथे. मी पराठे घेऊन गेले, मुलं उपाशी राहतात म्हणून. थंडी होती, म्हणून निलोफरसाठी स्वेटरही. मुलीचं काम तीच करते आहे.

तनवीरच्या चष्म्यावर मुखवटा बसेना आणि चष्म्याशिवाय त्याला दिसेना. तो पहिल्यांदा खांबाला भेटला आणि मग एका बाईच्या टोपलीला. तिच्या कडेवरचं पोर टाळ्या पिटून ओरडायला लागलं, "सोफा! सोफा!" कंडक्टरनं विचारलं, "याचं फुल तिकीट की सामानाचं?"

खरी पंचाईत आवाजाची. व्हिलनला एकच वाक्य आहे: "जपून हं, बाळ. पुढच्या गाडीनं जा." रेक्झिन आणि फोममधून ते बाहेरच येईना. तनवीर आतून जीव तोडून "जपून हं" म्हणायचा आणि आम्हांला "जांभूळ" ऐकू यायचं. काढून म्हणायला लावलं तर कंडक्टर सुट्टे मागतो तसं म्हणायचा.

शेवटी मला राहवेना. तीस गॅदरिंगं बसवलेली बाई मी. "हे बघ तनवीर, ओरडायचं नाही. प्रेमानं. असं." आणि निलोफरजवळ गेले, स्वेटर तिच्या खांद्यावर टाकला, डबा हातात दिला आणि म्हटलं, "जपून हं, बाळ. किती गर्दी आहे. पुढच्या गाडीनं जा."

निलोफर माझ्याकडे टक लावून पाहत होती. मागून बस गेली.

"मॅडम, आणखी एकदा," कुंदन हळूच म्हणाला. "तनवीरला नीट समजेल." मी आणखी दोनदा करून दाखवलं. मग निलोफर अगदी बारीक आवाजात म्हणाली, "कट."

तालमीला कट कशाला?

त्यानंतर तनवीरचं शूटिंग केलंच नाही. म्हणाले, उजेड गेला. ऊन तर डोक्यावर होतं.

२१ जानेवारी, मंगळवार

निलोफर आली. पुष्कळ वेळ फ्रिजचं दार उघडून उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, परवा कुंदननं तुमचं सगळं शूट केलंय. तुम्हाला न विचारता. मुखवटा काढून टाकून तुमचाच शॉट ठेवू का? तुम्ही नाही म्हणालात तर पुसून टाकते. खरंच."

मी व्हिलन! मेंढी नाही! मी तिला जवळच घेतलं. "अगं ठेव की! पण माझ्या चेहऱ्याला कोण घाबरणार?"

ती रडायला लागली. "तुम्हाला वाईट वाटलं तर?"

"वेडी आहेस का? अभिनय आहे तो."

सिस्टर बर्नाडेट आज हव्या होत्या.

२८ जानेवारी, मंगळवार

निळी साडी नेसून गेले. कॉलेजचा हॉल भरलेला होता. नासीरभाई आणि सलीमा माझ्या शेजारी बसले होते.

आमची फिल्म सुरू झाली. स्वेटरला पोरं हसली. पराठ्यांना मागून कोणी तरी "आमच्याकडे पण द्या" म्हणून ओरडलं. ते दोन्ही तुकडे बहुतेक एरंडोलच्याच माझ्या फेऱ्यांतून कापून लावलेत. मीही हसत होते. तनवीर कंडक्टर झालाय, बरा शोभतो.

मग माझा चेहरा पडद्यावर मोठा झाला. मी म्हणाले, "जपून हं, बाळ." हॉलमधलं हसणं थांबलं. मी छान हसते आहे. डोळेसुद्धा हसताहेत. कॅमेरा हळूहळू खाली उतरतो. साडीवर येतो, मनगटावर येतो, बोटांवर येतो.

माझ्या हातात तिच्या बॅगेचा पट्टा होता. घट्ट धरलेला. तोंडानं मी "पुढच्या गाडीनं जा" म्हणते आहे आणि मागून बस हलते, वळते, निघून जाते. तरी हात तिथेच.

तो मी कधी धरला? मला खरंच आठवत नाही. डबा दिल्याचं आठवतं.

मागच्या रांगेत एक मुलगी "बापरे" म्हणाली. मग टाळ्या फार वाजल्या.

बाहेर निलोफर एका बाजूला उभी होती, दुपट्ट्याचं टोक पिळत. "मॅडम, रागावलात?"

"पदर नीट नव्हता माझा," मी म्हटलं. "सांगायचं होतंस."

जेवले नाही. भूक नव्हती.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळीच कारखान्यात गेले. नासीरभाई एका सोफ्याचं पोट उघडून बसले होते.

"नासीरभाई, पोरीला पाठवा पुण्याला. याच वर्षी."

त्यांनी खिळे तोंडातून काढले. "पण मॅडम, तुम्हीच तर..."

"तिला अजून पुष्कळ शिकायचंय. क्लोजअप फार जवळून घेते. माणसाच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या दिसतात. असं करतात का कुठे? शिकून येऊ दे नीट."

त्यांनी खिळे डबीत ठेवले. मग म्हणाले, "मॅडम, पिक्चर मीपण पाहिला काल." आणि एक स्टूल स्वतःच्या शर्टानं पुसून माझ्यासाठी पुढे केलं. "बसा. चहा सांगतो."

"मुखवटा कुठे आहे?" मी विचारलं. "तुम्हांला नको असेल तर मी नेते."

आता तो माझ्या कपाटावर आहे, पेटीतल्या हेरोदच्या मुकुटाशेजारी. धूळ बसली की झटकेन.

२९ जून, रविवार

पुण्याची गाडी सकाळची होती. नासीरभाईंनी बॅगा चढवल्या, सलीमानं दुवा केली, कुंदन आणि तनवीर उगाच टायर तपासत होते. मी डबा केला होता. तो नासीरभाईंच्या हाती दिला, त्यांनी आत नेऊन ठेवला. मी पायरीपाशी गेले नाही.

निलोफर खिडकीत बसली आणि मला शोधायला लागली. माझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा नव्हता. म्हणून मी पिशवीतून मुखवटा काढला आणि चढवला. दोन्ही हातांनी धरावा लागतो, नाहीतर घसरतो. हातही गुंतलेले बरे.

स्टँडवर एकच हशा झाला. एक पोरगा म्हणाला, "मम्मी, सोफा उभा राहिला बघ!" निलोफर खिडकीतून अर्धी बाहेर येऊन हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. आत अंधार, गरम आणि रेक्झिनचा वास. दोन भोकांतून मला तेवढीच ती दिसत होती.

गाडी सुटली तेव्हा मी बोललेच. पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्या मुखवट्यातून आवाज बाहेर येत नाही, हे आम्हांला एरंडोललाच कळलं होतं.